बारीक आवाजाचं सोनं

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात, नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणारं एक छोटं गाव होतं. तिथे सोमारू नावाचा म्हातारा आणि त्याची बायको बिरजा राहत. सोमारूसारखं सोनं धुणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

एका वर्षी नदीने पात्र बदललं. वाळूत सोनं येईना. एकेक घर रिकामं होऊ लागलं. उरलेल्यांनी ठरवलं, येत्या अमावास्येपर्यंत वाट पाहायची, मग गाव सोडायचं.

त्या सुमारास शेजारच्या खेड्यातल्या एका कारागिराने सोमारूला एक काठी दिली. जमिनीत धातू असला की ती घुमायची.

"डोंगरात सोनं आहे, मामा. हिला घेऊन शोधा," तो म्हणाला.

सोमारू हरखला. रोज सकाळी डोंगर चढायचा. काठी घुमली की खणायचा. कधी कुऱ्हाडीचं पातं निघे, कधी बैलाची नाल, एकदा तर अख्खी कढई निघाली. आठव्या दिवशी त्याने काठी अंगणात फेकली.

"खोटारडी मेली! लोखंड दिसलं की ओरडते आणि सोन्यापुढे मुकी होते."

दुसऱ्या दिवशी काठी उचलून बिरजा थेट कारागिराकडे गेली.

सगळं ऐकून त्याने विचारलं, "मामा काठी जमिनीपासून किती वर धरतात?"

बिरजाने आठवलं आणि हात कमरेशी नेला.

कारागीर हसला. "मामी, लोखंडाचा मोठा तुकडा दुरूनही ओरडतो. सोन्याचा भरीव गोळा असता, तर तोही बोलला असता. पण तुमच्या डोंगरातलं सोनं पांढऱ्या दगडात तंतू तंतू होऊन विखुरलंय. वजन तेवढंच असलं, तरी विखुरलेल्या सोन्याचा आवाज अगदी बारीक येतो. काठी मातीला टेकेल इतकी खाली धरा, सावकाश फिरवा आणि कान द्या."

परतताना बिरजा विचार करत राहिली. जन्मभर नदीत वाकून उभा राहिलेला माणूस काठी एवढी उंच का धरतो? घर दिसू लागलं तेव्हा तिला उलगडलं. जन्मभर वाकला म्हणूनच.

"कंबर कधीपासून दुखते?" तिने आल्या आल्या विचारलं.

"कोण म्हणतं दुखते?"

"काठी म्हणते."

सोमारू ओशाळला. "वाकता येत नाही म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, सोमारू संपला."

"मी लोक आहे का हो?"

बिरजाने तेल कोमट केलं आणि त्याची कंबर चोळून दिली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं मिळून निघाली. बिरजा वाकून काठी फिरवी, सोमारू शेजारी मातीत बसून कान लावी. तिसऱ्या दिवशी, पांढऱ्या दगडांच्या उतारावर, तो एकदम म्हणाला, "थांब! जरा मागे घे. आता पुन्हा."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"डास गुणगुणावा तसं आहे. खण इथे."

मुठीएवढा पांढरा दगड निघाला. बिरजाचा चेहरा उतरला. सोमारूने मात्र तो तळहातावर तोलला आणि त्याचे डोळे चमकले.

"एवढ्याशा दगडाला एवढं वजन नसतं, बिरजे."

दगड फोडला. आत गवताच्या मुळांसारखे सोन्याचे बारीक तंतू पसरले होते. बिरजा हसता हसता रडू लागली, आणि सोमारू तिचे डोळे पुसता पुसता स्वतःचे पुसायला विसरला.

अमावास्येला गावाने बांधलेली गाठोडी सोडली. गेलेली माणसंही हळूहळू परतली. सोमारू सगळ्यांना आवाज ओळखायला शिकवू लागला. कोणी काठी उंच धरून चाललं, की तो आधी मायेने विचारी, "बाबा, दुखतंय का कुठे? दुखत असेल तर सांग, दुसरं कोणी वाकेल."

लहानथोरांनो, मोठा आवाज दुरूनही कानावर पडतो. मोलाचा आवाज मात्र जवळ जाऊन, वाकून ऐकावा लागतो.