बाळाप्पाच्या खिशातली पिन

नदीकाठच्या एका गावात बाळाप्पा नावाचा एक ऑर्केस्ट्रावाला होता. त्याचा ऑर्केस्ट्रा लहानसाच. पिराजी ढोलकी वाजवी आणि बाळाप्पाची मुलगी कस्तुरी इलेक्ट्रिक गिटार वाजवत गाई. तिचा गळा गोड होता. पण गेल्या जत्रेत तिच्या गाण्यावर, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पची घूंऽऽ अशी घरघर चढली. पुढे बसलेली पोरं भुंग्यासारखी घूं घूं करू लागली आणि कस्तुरी रडत खाली उतरली.

तेव्हापासून बाळाप्पाने घरघरीचा असा धसका घेतला की विचारू नका. पिठाची गिरणी सुरू झाली की याच्या छातीत धडधड. घरात माशी शिरली तरी हा आधी ॲम्पकडे बघे.

पुन्हा जत्रा आली. देवळापुढे मांडव उभारला. दुपारी बाळाप्पाने गिटार, पायाने दाबायची पेडलं आणि ॲम्प जोडून बटण दाबलं. घूंऽऽ! त्याने गिटारची वायर बदलली. पेडलं एकेक करून काढली. कस्तुरीला गिटारसकट इकडून तिकडे फिरवलं. शेवटी पिराजीला म्हणाला, “तू जरा श्वास हळू घे.” घूं तशीच.

कारण तसं समोरच होतं. ॲम्प देवळाच्या विजेच्या बोर्डावर लावलेला, आणि सगळी रोषणाईही त्याच बोर्डावर; दिव्यांची घरघर अर्थिंगच्या वायरीतून ॲम्पमध्ये उतरत होती. माईकचा बोर्ड मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून लांब वायर ओढून ॲम्प त्यावर घ्यायला हवा होता. पण तेवढा धीर बाळाप्पाकडे कुठला? माणसं जमायला लागली होती. त्याने ॲम्पचा प्लग उघडला, अर्थिंगची हिरवी वायर सोडवली आणि जाड पिन काढून खिशात टाकली. घरघर एकदम थांबली.

“जादू केलीसा की!” पिराजी म्हणाला.

अर्थिंग कशासाठी असतं हे बाळाप्पाला मात्र पक्कं ठाऊक होतं. जुन्या ॲम्पमधली वीज कधी गिटारच्या तारांत उतरलीच, तर तिला जमिनीत नेणारी वाट तीच. पण एका कार्यक्रमापुरतं काय होतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली.

संध्याकाळी कस्तुरी गायला उभी राहिली. देवापुढे चप्पल घालून वाजवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. पहिलं गाणं झालं. घरघर नाही, काही नाही. टाळ्या पडल्या. कस्तुरी बाजूला येऊन हळूच म्हणाली, “आप्पा, माईकला ओठ लागला की मुंग्या येत्यात.”

“घाबरलीयास तू. माईकपास्नं जरा लांब ऱ्हा.”

तिने मान हलवली. आप्पांच्या शब्दावर तिचा विश्वास होता.

दुसरं गाणं सुरू झालं. बाळाप्पाला त्यातला एकही सूर ऐकू येईना. नजर सगळी तिच्या ओठांवर आणि माईकवर. वीज तारांत उतरली होती आणि आता पोरीच्या अंगातून वाट शोधत होती, हे त्याला कळत होतं. ओळ वर चढली की पोर पुढे झुके आणि याचा जीव टांगणीला लागे. खाली ओली जमीन, तिचे उघडे पाय. खिशातली पिन मांडीला टोचत होती. सगळा मांडव गप्प होऊन ऐकत होता. हीच शांतता त्याने वर्षभर देवाकडे मागितली होती, आणि आता ती त्याला सोसवेना. गेल्या वर्षी पोरीची फजिती झाली. आज पोरच गेली तर?

तो धावला आणि त्याने ॲम्पचा प्लग उपसला. गिटार मुकी झाली. लोक ओरडले.

“बाळाप्पा, रंगात आलेलं गाणं का मोडलंस?” जत्रा कमिटीचे तात्या कडाडले.

बाळाप्पाने पिन काढून तळहातावर धरली. “तात्या, अब्रू वाचवायला म्या ही काढून ठेवली हुती. पोरीच्या जिवाशी खेळलो. ही बसवतो, मगच गाणं हुईल.”

लोक कुरकुरत बसून राहिले. त्याने पिन पुन्हा बसवली, हिरवी वायर घट्ट कसली, दुपारी टाळलेली लांब वायर ओढली आणि ॲम्प माईकच्या बोर्डावर घेतला. घरघर पुष्कळ कमी झाली, पण पार गेली नाही. बारीकशी घूं उरलीच. बाळाप्पाने आधी स्वतः गिटारच्या तारा धरल्या आणि माईकला बोट लावलं. मुंग्या आल्या नाहीत.

“आता गा,” तो म्हणाला.

पुढच्या रांगेतल्या एका पोराने लगेच घूंऽऽ केलं. लोक हसले. कस्तुरीने घाबरून बापाकडे पाहिलं. बाळाप्पाही हसत होता, आणि उपरण्याने डोळे पुसत होता. मग ती माईकला ओठ टेकवून गायली, आणि त्या जत्रेत पहिल्यांदाच तिचं गाणं बाळाप्पाच्या कानांत शिरलं.

तात्पर्य: लोकांनी हसू नये म्हणून जिवाची राखण काढून ठेवू नये. खोट झाकली की ती गप्प बसते, जात नाही.