जोडीची गोळी

“...पण भन्तेजी, माणसाला औषधाचा हेवा वाटू शकतो का?”

भन्ते सुमेध विहाराच्या अंगणात वाळली पानं झाडून ढिगाला काडी लावत होते. त्यांनी वळून पाहिलं. प्रल्हाद गजभिये. शाळेत गणित शिकवणारा, प्रत्येक उत्तराची खात्री असणारा माणूस.

“कोणाच्या औषधाचा?”

“रत्नमालाच्या.”

गेल्या वर्षी प्रल्हादची बायको आतून खचली. अंथरुणातून उठेना, बोलेना. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या. प्रल्हादनं रजा काढली. तिची वेणी घातली, तिला घास भरवले. हळूहळू ती उठून बसू लागली, पण चेहरा कोराच.

मग रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी कमी, बी-ट्वेल्व्हही कमी. डॉक्टरांनी मूळ औषधं तशीच ठेवली आणि जोडीला व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या.

“पुढं महिन्या-दोन महिन्यांत गुणगुणायला लागली, भन्तेजी. आता शेजारणींना सांगते, ‘या नव्या गोळ्यांनी मला माणसांत आणलं.’ गोळ्यांनी! आणि मी वर्षभर...”



“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणतात, कशाचा किती गुण आला ते सांगता येत नाही. सगळं चालू ठेवा.”

“मग?”

“मला कळायला हवं. गोळी नुसती जोडीला आली. जोडीदार मी आहे!”

भन्तेंनी आणखी थोडी पानं जाळावर लोटली.

प्रल्हादनं खिशातून त्या नव्या गोळ्यांचं पाकीट काढलं. “आज फडताळातून उचलून आणलं. तिला न सांगता. काही दिवस नाही मिळाली, तर कळेल तरी ती कोणामुळे बरी झाली.”

भन्तेंनी हात पुढं केला. प्रल्हादनं पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं.

“काही दिवस कशाला?”

असं म्हणून त्यांनी तो हात सरळ जाळावर धरला. बोटं उघडू लागली.

प्रल्हादनं झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं.

“नको!”

“का?”

“ती परत... परत तशी झाली तर?”

पानं तडतडत होती. आपण भन्तेंचा हात धरून उभे आहोत हे प्रल्हादच्या ध्यानात आलं. ओशाळून त्यानं तो सोडला.



“हेवा गेला नाही, भन्तेजी,” तो खाली बघत म्हणाला. “अजून आहे.”

“असू दे.”

भन्तेंनी पाकीट त्याच्या खिशात परत घातलं.

“ही कधी घ्यायची असते?”

“दुपारच्या जेवणानंतर.”

भन्तेंनी डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे पाहिलं.

“मग नीघ. जेवायची थांबली असेल ती.”