एकतिसावं पान

दूध संघाचा टँकर घाटात तिसऱ्यांदा तापून बंद पडला आणि टाकीभर दूध नासलं, तेव्हा मुख्य अभियंता दिघे साहेबांनी तीस पानांचा अहवाल लिहून सगळा ठपका ड्रायव्हर निवृत्तीवर ठेवला. त्याला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलंच होतं.

तेवढ्यात वर्कशॉपचा बाबालाल मिस्त्री अध्यक्षांपुढं उभा राहिला. सव्वीस वर्षांत एकाही इंजिनानं त्याचा शब्द खोटा पाडला नव्हता.

"पोरगं निर्दोष हाय. पंख्याचा क्लच गेलाय. इंजिन तापलं की त्यानं पंख्याला घट्ट धरायचं असतं, तो नुसता घसरतोय."

"पंखा तर गरगर फिरतोय," दिघे साहेब हसले. "पुरावा काय?"

"तुमचा अहवाल द्या."

वर्कशॉपात सगळ्यांसमोर टँकरचं इंजिन तापवून बाबालालनं अहवालाची गुंडाळी केली आणि जपून फिरत्या पंख्याला टेकवली. पंखा गपकन थांबला.

"कागदाला अडणारा पंखा घाटात काय वारा घालणार?"

साहेबांचा ताठा तरी उतरेना. "एवढ्या जाड अहवालानं कुठलाही पंखा थांबेल."

बाबालालनं शांतपणे शेजारी उभ्या असलेल्या साहेबांच्याच जीपचं बॉनेट उघडलं. "हिच्या पंख्याचा क्लच गेल्या महिन्यात मीच बसवलाय. करा चालू. हाच अहवाल लावून बघू."

साहेबांनी झडप घालून अहवाल ओढून घेतला. "अरे, चिंधड्या उडतील त्याच्या."

अध्यक्षांनी टँकरची किल्ली बाजूला उभ्या असलेल्या निवृत्तीच्या हातात ठेवली.

बाबालाल हात पुसत म्हणाला, "साहेब, आत्ता बोललात ते एकतिसाव्या पानावर लिहा."