बोटाएवढी जाड केबल

मिरजेत शहनाज मुल्ला नावाची साउंडवाली होती. संगीत मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब कुलगोड यांच्या दिवाणखान्यात म्युझिक सिस्टीम बसवायचं काम तिला मिळालं. प्लेअर आणि अॅम्प्लिफायर जोडायला तिने स्वतः सोल्डरिंगचे डाग देऊन बनवलेल्या साध्या वायरी आणल्या. त्या बघताच अण्णासाहेब जमलेल्या पाहुण्यांसमोर कडाडले, "असल्या वायरीतून मी गाणं ऐकू? तुम्हाला या कामातलं काही कळत नाही!"

शहनाजने आपल्या वायरी बाजूला ठेवल्या.

अण्णासाहेबांनी बोटाएवढी जाड परदेशी केबल जोडायला लावली आणि गायिका सुमतीबाईंच्या गेल्या वर्षीच्या मैफलीचं रेकॉर्डिंग सुरू केलं. "ऐका! तानेआधीचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. तुमच्या वायरीला जमेल हे?"

"जमलंय की, अण्णासाहेब," शहनाज म्हणाली. "हे रेकॉर्डिंग मीच केलंय. माइकपासून मशीनपर्यंत माझ्याच हातची अशी वायर होती. बाईंचा श्वास तिनेच वाटेत गाळला असता, तर तुमच्या केबलने तो कुठून आणला असता?"

पाहुण्यांत बसलेल्या सुमतीबाई खळखळून हसल्या. अण्णासाहेबांनी स्वतःच उठून जाड केबल उपसली.

"जोडा बाई, तुमचीच जोडा."