किटलीतलं बर्फाचं गाव

बोरखडीत एक भोळा बाळकू राहायचा. बायको सांगेल ते ऐकायचा. अगदी तेवढंच ऐकायचा.

त्याच्या लेकीनं, सुमीनं, शाळेत एक चित्र बघितलं. पायाला फळ्या बांधून माणसं बर्फावरून घसरताहेत. नाताळच्या सुट्टीत मला तिथंच न्या, म्हणून ती दोन दिवस धड जेवली नाही. तिची आई हौसा काळजीत पडली. पोरीची छाती नाजूक. तरी ती कबूल झाली आणि गाव ठरवायला तिनं बाळकूला तालुक्याला पाठवलं, सहलीच्या दुकानात.

संध्याकाळी बाळकू आला. म्हणाला, सगळ्यात जास्त बर्फाचं गाव ठरवलं. छपरापर्यंत बर्फ. दारं दिसतच नाहीत.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, दुकानदार सांगेल ते घ्यायचं असतं का? सांगेल त्याच्या निम्म्यावर यावं."

बाळकूनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं दुसरं गाव दाखवलं. कमरेइतका बर्फ. बाळकू गुडघ्यावर आला. दुकानदार म्हणाला, रेल्वेनं दोन दिवस लागतील. बाळकू एकावर आला, आणि तिथून हलेना. शेवटी कंटाळून दुकानदारानं निम्म्या वाटेची तीन तिकिटं हातात दिली.

"आता मधेच उतरून काय करायचं?" हौसा म्हणाली. "अहो, साडी घेतानासुद्धा आपण आधी घरी आणून दाखवतो. पसंत पडली तर ठेवतो, नाहीतर परत."

बाळकूनं मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी त्यानं तिकिटं बदलली. पुऱ्या वाटेची घेतली. आणि दुधाची रिकामी किटली घेऊन एकटाच गाडीत बसला. तीन जागा वाया जाऊ नयेत म्हणून पाळीपाळीनं तिन्हीवर झोपला.

इकडे सुमी रोज कानटोपी घालून ओट्यावर बसायची. 

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बाळकू दारात हजर. किटली ओट्यावर ठेवून म्हणाला, गाव झकास आहे, पण घरच्यांची पसंती पाहिजे.

सुमीनं झाकण काढलं. आत पाणी. तिनं बोट बुडवलं.

"बाबा, हे तर कोमट आहे."

"मग तुझ्या छातीला चालेल," बाळकू म्हणाला.

हौसानं किटली बाजूला सारली. "नको मला असला बर्फ."

बाळकूनं झाकण घट्ट लावलं. चपला पायात घातल्या.

"आता कुठं निघालात?"

"पसंत नाही ना? परत देऊन येतो."