घाण्याच्या बैलाचं दिव्य

“पण धडक कुणी कुणाला दिली?”

सोमगिरी महाराजांनी एवढंच विचारलं आणि ते पुन्हा वाती वळू लागले.

केदार समोर बसला होता. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. कोपराला बांबूच्या कांबी, वर हळदीचा लेप, कपाळावर खोक. हाताला कळ येतच होती. प्रश्नानं दुसरीच कळ आली.

“बैलानं मला दिली,” तो म्हणाला. “हे काय विचारणं झालं, महाराज? तो जनावर आहे.”

“हं...”

ही फार जुन्या अमलातली गोष्ट. त्या गावात तेव्हा गोतसभेपुढं माणसासारखं जनावरही उभं राहायचं. गुन्हा विचारला जायचा, साक्ष व्हायची, निवाडाही व्हायचा. उद्या पारावर येसू तेलिणीच्या बैलाचा निवाडा होता, आणि फिर्याद केदारची होती.

केदार म्हणजे भैरवनाथाच्या मठातला सोमगिरींचा पट्टशिष्य. त्याचं नाव पंचक्रोशीत झालं होतं ते प्रदक्षिणेमुळं. रोज पहाटे तो ओलेत्यानं देवळाभोवती फिरायचा, तेही डोळे मिटून. ऊन दीपमाळेवर येईपर्यंत फिरायचा. भिंतीला कधी हात लावला नाही, कधी ठेच खाल्ली नाही. पाण्याला निघालेल्या बाया घागरी उतरवून बघत राहायच्या. परगावची माणसं त्यासाठी मुक्काम करायची.

सोमगिरी यावर कधी काही बोलले नव्हते. केदारनं ते कौतुकच धरलं होतं.

मग त्या सकाळी घाण्याच्या जुवाचा दोर तुटला. येसूचा मोऱ्या डोळ्यांवरच्या झापडांसकट चालत सुटला, तो देवळाच्या उघड्या दारातून थेट आवारात. पुढं लोकांना ऐकू आला तो एक दणका, आणि केदारचं “अगं आई गं”. धावत येऊन बघतात तर केदार फरशीवर आडवा, आणि बैल त्याच्याशेजारी उभा राहून त्याच्या ओल्या धोतराचा वास घेतोय.

गावचा रिवाज कडक होता. देवाच्या आवारात माणसाचं रक्त सांडणारं जनावर शिवेपलीकडच्या रानात हाकलायचं. त्या रानात वाघ होता. आणि येसूला नवरा नव्हता, दुसरा बैल नव्हता. घाणा तेवढा होता.

“फिर्याद मागं घेतलीस तर?” सोमगिरी म्हणाले.

“तर लोक काय म्हणतील, महाराज? केदार आंधळ्यासारखा चालत होता, जाऊन बैलावर आदळला, असंच म्हणतील ना?”

“म्हणतील खरं.”

महाराजांनी वळलेली वात ताटात ठेवली आणि नवा कापूस घेतला. केदार वाट बघत थांबला.

दुसऱ्या दिवशी पार भरला. येसूनं बैलाला आंघोळ घालून आणला होता. शिंगांना तेल लावलं होतं.

“हे काय गं, पोळा आहे का आज?” कुणीतरी टोमणा मारला.

“चार माणसांत यायचं तर नीटनेटकं नको?” येसू म्हणाली.

हणगोजी पाटलांनी पागोटं सारखं केलं. “केदारबुवा, बैल तुमच्या अंगावर धावून आला. हे तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलं?”

“मी नामात होतो. डोळे मिटलेले होते.”

“बरं. मग बैलानं तरी तुम्हाला पाहिलं?”

“तो कशाला बघतोय, पाटील?” येसू म्हणाली. “डोळ्यांवर झापडं होती की. घाण्यावरनं तसाच गेला.”

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हणजे यांनी त्याला पाहिलं नाही, त्यानं यांना पाहिलं नाही, आणि गाठ पडली.”

“आमचं लगीन असंच झालं होतं,” मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली. बायका पदराआड हसल्या. तिचा म्हातारा तिथंच होता. तो लांब दीपमाळेकडं बघत राहिला.

रिवाज म्हणून पाटलांनी बैलालाही विचारलं. “मोऱ्या, तुला काय सांगायचंय?”

मोऱ्या रवंथ करत होता.

“ही कबुली धरायची काय?”

“धरा, पाटील,” येसू म्हणाली. “पण मग माझ्या दारात आल्यापासून तो कबुलीच देतोय. खाल्लेलं सारखं चघळतो.”

या वेळी पाटीलही हसले. मग हसू आवरून म्हणाले, “साक्षीदार नाही. तर देवालाच विचारू. दिव्य करू.”

येसू खाली बसली.

दिव्य म्हणजे देवाचा कौल. आरोपीला देवळापुढं मोकळं सोडायचं, कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. देवाला उजव्या अंगाला ठेवून तो प्रदक्षिणेला निघाला तर निर्दोष. डावीकडून गेला, किंवा जागचा हललाच नाही, तर दोषी.

सगळे उठून देवळापुढं आले. सोमगिरी पायरीवर बसले होते, तिथंच बसून राहिले.

मोऱ्याचं दावं सोडलं.

तो उभाच राहिला.

समोर एवढी माणसं, एवढा उजेड. बिचारा एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. पाठीवर माशी बसली तेवढी कातडी थरथरली, पाय हलले नाहीत. ऊन फरशीवर चढत गेलं. माणसं कुजबुजली, मग कुजबुजही थांबली. येसू बैलाकडं बघत नव्हती. आपल्या पायांकडं बघत होती.

केदारला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याची नजर बैलाच्या डोळ्यांवर गेली, आणि त्यानं ती लगेच काढून घेतली.

पाटलांनी काठी उचलली. काठी फरशीवर आपटली की निवाडा झाला.

“येसू,” पायरीवरून आवाज आला. “याची झापडं कुठं आहेत?”

तिनं दचकून कमरेला हात लावला. कातड्याच्या त्या दोन वाट्या आणि दोरी तिथंच खोचलेल्या होत्या. “आहेत, महाराज. सवयीनं घेतली बरोबर.”

“बांध.”

“असं कसं?” केदार पुढं झाला. “दिव्याला आरोपी उघड्या डोळ्यांनी उभा राहतो. हा रिवाज आहे.”

“त्या सकाळी तुझे उघडे होते?”

केदारनं गळ्यातला हात सावरला.

पाटील विचार करत होते. “महाराजांचं बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “घडलं ते जसं घडलं तसंच देवापुढं यावं. बांध गं.”

येसूनं झापडं बांधली. गाठ ओढून बघितली, आणि ती मागं सरली.

मोऱ्यानं कान हलवले. मोठा सुस्कारा सोडला, माणूस दिवसभर उन्हात हिंडून घरच्या ओट्यावर टेकताना सोडतो तसा. आणि पाय टाकला.

उजव्या अंगाला देव. संथ, एका चालीनं, भिंतीला कुठंही न घासता तो देवळामागं दिसेनासा झाला. माणसं टाचा उंचावून बघत होती. दुसऱ्या बाजूनं आधी तेल लावलेली शिंगं दिसली, मग मोऱ्या.

कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. “भैरोबाच्या नावानं चांगभलं,” पाटील पुटपुटले आणि त्यांनी काठी काखेत मारली. एका बाईनं त्याच्या वशिंडावर गुलाल टाकला.

मोऱ्या थांबला नाही. पुन्हा गेला, पुन्हा आला, पुन्हा निघाला. लोकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढी भक्ती कुणी जनावरात पाहिली नव्हती. म्हातारा म्हातारीला म्हणाला, “बघ, याला म्हणतात निष्ठा.” म्हातारीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

शेवटी येसूच आडवी गेली. त्याच्या कपाळावर तळवा टेकवून हळूच म्हणाली, “बास रे बाबा... झालं आजचं तेल.”

केदार जवळच उभा होता. त्यानं तेवढंच ऐकलं.

दिवेलागणीला तो गाभाऱ्याशी आला. सोमगिरी समईत वाती घालत होते.

“महाराज, बैल वाचला हे बरंच झालं. मी फिर्याद करायला नको होती.”

“हं...”

“पण आजचं दिव्य खोटं होतं.”

महाराजांनी वर पाहिलं.

“मी येसूच्या घाण्यावर जाऊन आलो,” केदार म्हणाला. “घाणा बैलाच्या उजव्या अंगाला असतो. त्याला देव ठाऊक नाही, प्रदक्षिणा ठाऊक नाही. डोळे झाकले की त्याचे पाय आपसूक गोल चालायला लागतात. लोक उगाच पाया पडले.”

“येसूनं काय दिलं?”

“हे...” केदारनं चांगल्या हातातला गडू पुढं केला. “समईला म्हणून दिलं. आजच्या घाण्याचं.”

महाराजांनी गडू घेतला. समईत तेल ओतलं, वात पेटवली. ज्योत आधी कापली, मग स्थिर झाली. भैरवनाथाचा मुखवटा उजळला.

“हात बरा झाला, की पहाटे पुन्हा सुरू करणार ना, केदारा?”

“प्रदक्षिणा? करणार तर.”

महाराजांनी समईतल्या तेलाकडं बोट केलं.

“हे मोऱ्याचं,” ते म्हणाले. “तुझं आजवर किती निघालं?”