तीन देश आणि दाराची कडी

फार पूर्वी एका राज्यात मी राजकन्यांची शिक्षिका होते. वृद्धांच्या सांभाळाचा नियम ठरविण्याआधी अन्य देशांची रीत पाहून येण्यास राजाने प्रधानांसोबत मला पाठविले होते.

राजमातेचे गुडघे निकामी झाले होते. त्यांना उठविता-बसविता राणीची कंबर धरली होती. राजा या दालनातून त्या दालनात नुसता येरझारा घालीत असे.

समुद्राकाठच्या देशात वृद्धांसाठी संगमरवरी निवास होता. मऊ गाद्या, वेळच्या वेळी पेज! प्रधान हरखून गेले. मी तेथील एका आजोबांना विचारले, "येथून कोठे जावेसे वाटते?"

"घरी," ते म्हणाले, "पण कडी बाहेरून आहे ना, बाई!"

वाळवंटी देशात सारे वृद्ध घरीच राहत. तोच प्रश्न मी एका आजींना विचारला. चुलीकडे पाहत त्या कुजबुजल्या, "कोठेही न्या. माझ्यापायी सुनेला माहेर पारखे झाले आहे."

प्रधान वैतागले. "बाई, म्हाताऱ्यांना काय विचारता? व्यवस्था पाहा, व्यवस्था!"

डोंगरी देशात प्रत्येक कुटुंब सुगीला गावच्या कोठारात धान्याचा वाटा घाली; त्या धान्यावर नेमलेल्या सेविका घरोघरी येत. तेथील आजी म्हणाल्या, "मला कोठेच जायचे नाही. मात्र बर्फ पडला, की सेविका येत नाही. मग दाराकडे पाहून पाहून जीव कासावीस होतो."

परतताच प्रधान म्हणाले, "महाराज, संगमरवरी निवासच श्रेष्ठ! तसा बांधू आणि आईसाहेबांना प्रथम तेथे नेऊ."

राजमातेने पांघरुणाची कड मुठीत धरली. "प्रधानजी, केस तुमचेही पिकलेत. शेजारची खोली तुमच्यासाठी राखू ना?"

"मला अजून अवकाश आहे, आईसाहेब."

"मलाही होता हो!"

"आणि तेथे कडी बाहेरून असते," मी सांगितले.

प्रधान चुळबुळले. राजाच्या येरझारा थांबल्या.

मग ठरले ते असे: प्रत्येक घराने धान्याचा वाटा द्यावा, सेविकेने घरी यावे, सुनांना माहेरपण मिळावे, सेविकेला येता येत नाही अशा पुराच्या दिवसांत वृद्धांना निवासात आसरा असावा, परंतु कडी आतून असावी. राजमाता, राणी आणि राजा यांनी तत्काळ संमती दिली. प्रधानांनी ती सर्वांत शेवटी दिली, निवास उभा राहिल्यावर, एका खोलीची कडी स्वतः आतून लावून पाहिली तेव्हा.

तात्पर्य: वृद्धांची सोय त्यांना विचारून करावी, आणि खोली उद्या आपलीच आहे असे समजून दार बसवावे.